घरून इंटर्नशिप करताय? आधी दिवसाचा रोजमेळ जमवा!



आमच्या बॅचमध्ये हल्ली कॉलेजची मुलं-मुली बऱ्याच संख्येने येतात. धंदा करायचा हे त्यांचं पक्कं असतं, पण हातात भांडवल नसतं आणि अनुभवही नसतो. अशा सगळ्यांना मी एकच सांगतो. ज्या धंद्यात उतरायचंय, त्या धंद्यात आधी तीन महिने कुणाच्या तरी हाताखाली काम करा. दुसऱ्याच्या दुकानात चूक झाली तर ती शिकवणी होते, स्वतःच्या दुकानात झाली तर ते नुकसान होतं.

पूर्वी यासाठी पुण्या-मुंबईत कॉट बेसिसवर राहावं लागायचं. आता लॅपटॉप आणि नेट असेल तर तालुक्याच्या गावात, स्वतःच्या घरी बसून इंटर्नशिप करता येते. खोलीभाडं नाही, खानावळ नाही, एसटीचा पास नाही. ऐकायला एकदम मस्त वाटतं ना? पण खरं सांगू? घरून इंटर्नशिप करणारी बरीच मुलं पहिल्या पंधरा दिवसांतच ढेपाळतात. काम अवघड असतं असं नाही, त्यांचा दिवसच त्यांच्या हातात राहत नाही.

म्हणून आज आपण फक्त एका गोष्टीवर बोलणार आहोत. घरून इंटर्नशिप करताना विद्यार्थ्याचा दिवस कसा असावा? सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत. आणि हे सगळं आमच्याच बॅचमधल्या एका मुलीच्या उदाहरणावरून बघू. तिच्या परवानगीने सांगतोय, नाव मात्र सांगत नाही.

३२,४०० रुपयांची एक दुपार

ही मुलगी टी. वाय. बी. कॉम.ला. घराच्या पुढच्या खोलीत वडिलांचं किराणा दुकान. तिचं स्वप्न साधं आणि चांगलं आहे. गावातल्या छोट्या व्यापाऱ्यांचे हिशेब लिहून देणारी, जीएसटीची कामं करून देणारी स्वतःची सर्व्हिस सुरू करायची. शिकण्यासाठी तिने शहरातल्या एका कर सल्लागारांकडे घरून इंटर्नशिप घेतली. रोज चार तास, आठवड्याचे सहा दिवस, तीन महिने.

पहिला आठवडा उत्साहात गेला. दुसऱ्या आठवड्यात काय झालं बघा. महिन्याची ८ तारीख होती. पाइप-फिटिंगच्या एका व्यापाऱ्याची विक्रीची बिलं तिच्याकडे नोंदवायला आली होती. दुपारी चारच्या सुमारास त्या व्यापाऱ्याने राहिलेल्या एका बिलाचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाकला. तिने तो बघितला, आणि तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "अगं, जरा गल्ल्यावर बस, मी माल उतरवून घेतो." ती उठली. वीस मिनिटांचं काम तासभर चाललं. परत आली तेव्हा चॅटमध्ये वर चाळीस मेसेज चढलेले. तो फोटो खाली गेला तो गेलाच.

दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्या व्यापाऱ्याला विक्रीचं रिटर्न, म्हणजे जीएसटीआर-१, पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत भरावं लागतं. ते वेळेत भरलं गेलं, पण त्या एका बिलाशिवाय. १४ तारखेला खरेदीदाराच्या पोर्टलवर जीएसटीआर-२बी तयार होतं. त्यात हे बिल दिसलंच नाही. आणि बिल दिसलं नाही की खरेदीदाराला त्या महिन्यात त्या कराचं क्रेडिट घेता येत नाही.

बिल होतं १,८०,००० रुपयांचं. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३२,४०० रुपये. खरेदीदार कंत्राटदार होता. त्याने सरळ सांगितलं, "बिल दिसल्यावर कराचे पैसे देतो." १,८०,००० पाठवले आणि ३२,४०० अडकवून ठेवले. इकडे व्यापाऱ्याच्या डोक्यावर कर भरायची २० तारीख! राहिलेलं बिल पुढच्या महिन्याच्या रिटर्नमध्ये दाखवता येतं, ते दाखवलंही. पण तोपर्यंत छोट्या व्यापाऱ्याचे ३२,४०० रुपये महिनाभर लटकले. छोट्या धंद्यात एवढी रक्कम म्हणजे एखाद्याचा दोन महिन्यांचा पगार असतो हो.

सरांचा फोन आला. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "८ तारखेला दुपारी तू काय काय केलंस, ते मला लिहून पाठव."

आणि मित्रांनो, ती लिहू शकली नाही. तिला आठवतच नव्हतं. ती मला म्हणाली, "सर, मला चुकीपेक्षा जास्त वाईट याचं वाटलं की माझ्या दिवसाचा माझ्याकडेच हिशेब नव्हता. आणि मी दुसऱ्यांचे हिशेब लिहायला निघालेय."

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. चूक एकट्या तिची नव्हती. रिटर्न भरण्याआधी बिलांचे क्रमांक सलग आहेत का हे कुणी तपासलं असतं, तर मधला एक नंबर गायब आहे हे लगेच कळलं असतं. जीएसटीआर-१ मध्ये बिल क्रमांक कुठून कुठपर्यंत, एकूण किती, हे भरायचा रकानाच असतो. ते तपासायचं काम ऑफिसचंही होतं. पण घरून काम करताना ऑफिस आपल्या मागे उभं नसतं. म्हणून आपली तपासणी आपणच करायची सवय लावावी लागते.

ऑफिस काय देतं, जे घर देत नाही?

आधी अडचण नीट समजून घेऊ. ऑफिसमध्ये गेलात की तीन गोष्टी तुम्हाला फुकट मिळतात. एक, ठरलेली वेळ. दोन, ठरलेली जागा. तीन, बघणारी माणसं. दहाला पोचायचंय म्हणून आपण नऊला आवरतो. टेबलवर बसलो की काम सुरू होतं. शेजारचा माणूस काम करतोय म्हणून आपणही मोबाइल खाली ठेवतो.

घरी यातलं काहीच नसतं. घरी आपण मुलगा असतो, मुलगी असतो, ताई असतो. कुरिअरवाल्याला सही देणारे, गॅस बंद करणारे, पाहुण्यांना पाणी देणारे. घरच्यांचं काही चुकत नाही. त्यांना दिसतं ते एवढंच, की पोरगं लॅपटॉप घेऊन बसलंय. ते काम करतंय की पिक्चर बघतंय, हे लांबून सारखंच दिसतं.

म्हणजे घरून इंटर्नशिप करायची तर या तीन गोष्टी आपल्यालाच उभ्या कराव्या लागतात. वेळ, जागा आणि बघणारा माणूस. पुढचं सगळं याच तीन गोष्टींसाठी आहे.

तिने बसवलेला दिवस

चूक झाल्यानंतर आम्ही दोघांनी बसून तिचा दिवस कागदावर मांडला. तिचं कॉलेज सकाळचं आहे. तुमचं दुपारचं असेल तर तासांची अदलाबदल करा, पण क्रम हाच ठेवा.

- सकाळी ५.४५ : उठणं, आवरणं, घरातलं तिच्या वाटणीचं काम.
- ७.३० ते १०.४५ : कॉलेज.
- ११.१५ ते १२.१५ : घरी येऊन जेवण आणि अर्धा तास पूर्ण आराम. या वेळात लॅपटॉप उघडायचा नाही.
- १२.१५ ते १२.३० : "शटर उघडणं." म्हणजे काय, ते खाली सांगतो.
- १२.३० ते २.३० : जड काम. नोंदी, जुळवणी, डोकं लागेल ते सगळं.
- २.३० ते २.५० : चहा, थोडं चालणं.
- २.५० ते ४.१५ : हलकं काम. फोन, फॉलो-अप, फाइल्स लावणं, सरांबरोबरचा कॉल.
- ४.१५ ते ४.३० : "शटर बंद करणं." तपासणी, रोजमेळ, मेसेज.
- ४.३० ते ५.३० : घराबाहेर. मैदान, मैत्रीण, देऊळ, काहीही. पण बाहेर.
- ५.३० ते ७.३० : वडिलांच्या दुकानात मदत.
- ८.३० ते १०.०० : कॉलेजचा अभ्यास.
- १०.३० : झोप.

बघा, यात कुठेही "पहाटे चारला उठा, अठरा तास राबा" असलं काही नाही. इंटर्नशिपचा वेळ चार तास पंधरा मिनिटं, त्यात चहाची वीस मिनिटं. एवढंच. पण ते तास खरोखर कामाचे.

शटर उघडायची पंधरा मिनिटं

तुमच्या बाजारातला कोणताही जुना दुकानदार बघा. शटर वर केलं की लगेच माल विकायला लागत नाही. आधी झाडून काढतो, पाणी मारतो, उदबत्ती लावतो, गल्ल्यात सुटे पैसे आहेत का बघतो. मग पहिलं गिऱ्हाईक. घरून काम करणाऱ्यालाही असं शटर हवं.

तिने चार गोष्टी ठरवल्या. घरातले कपडे बदलून बाहेर जातो तसे कपडे घालायचे. टेबल पुसून पाण्याची बाटली भरून ठेवायची. लॅपटॉप आणि मोबाइल दोन्हीचं चार्जिंग बघायचं. आणि मग एका कागदावर आजची फक्त तीन कामं लिहायची. दहा लिहायची नाहीत. दहा कामं लिहिणारा माणूस संध्याकाळी सात राहिलेली मोजत बसतो आणि दुसऱ्या दिवशी लिहायचंच सोडतो.

जागेचंही सांगतो. वेगळी खोली नसली तरी चालते, पण पलंगावर बसून काम करू नका. पाठ जाते आणि डोळे मिटतात. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातलं छोटं टेबलसुद्धा चालेल. अट एकच. रोज तीच जागा, आणि भिंतीकडे तोंड.

जड काम आधी, मोबाइल दुसऱ्या खोलीत

इटलीच्या फ्रान्चेस्को सिरिलो यांनी विद्यार्थी असताना, १९८० च्या दशकाच्या शेवटी, एक सोपी पद्धत शोधली. स्वयंपाकघरातला टोमॅटोच्या आकाराचा टायमर २५ मिनिटांना लावायचा, तेवढा वेळ एकच काम करायचं, मग ५ मिनिटं सुट्टी. इटालियन भाषेत टोमॅटोला पोमोदोरो म्हणतात, म्हणून ही पोमोडोरो पद्धत. अभ्यासाला ती छान आहे. पण हिशेबाच्या नोंदी करताना २५ मिनिटांत आत्ता कुठे हात बसलेला असतो. त्यामुळे तिने ५० मिनिटं काम, १० मिनिटं उठणं असं केलं. दोन तासांत असे दोन टप्पे. तुम्ही तुमच्या कामाप्रमाणे ठरवा, पण टायमर लावाच.

या दोन टप्प्यांत मोबाइल दुसऱ्या खोलीत. "पण सर, कामच व्हॉट्सअॅपवर येतं!" अगदी बरोबर. म्हणून नियम असा, की व्हॉट्सअॅप दिवसातून तीनदाच उघडायचं. शटर उघडताना, चहाच्या आधी आणि शटर बंद करताना. तातडीचं असेल तर सर फोन करतील, हे त्यांच्याशी आधीच बोलून घ्यायचं. आणि उघडल्यावर जो कागद, जे बिल आलं असेल ते तिथेच डाउनलोड करून त्या व्यापाऱ्याच्या फोल्डरमध्ये टाकायचं. चॅटमध्ये काहीही ठेवायचं नाही. चॅट म्हणजे वाहता रस्ता, तिथे कुणी कपाट ठेवत नाही.

८ तारखेचं ते बिल याच एका नियमाने वाचलं असतं.

डोळ्यांसाठीही एक नियम आहे, २०-२०-२० चा. दर २० मिनिटांनी २० सेकंद, साधारण २० फूट लांबच्या वस्तूकडे बघायचं. खिडकीतून समोरचं झाड बघितलं तरी झालं.

दोन मेसेज : बघणारा माणूस असा तयार होतो

घरी आपल्याकडे बघणारं कुणी नाही, मग आपणच दाखवायचं. दिवसातून दोन छोटे मेसेज. सुरुवातीला असा :

"नमस्कार सर, काम सुरू करतेय. आज : १) पाइपवाल्यांची विक्रीची बिलं क्र. ११२ ते १४० नोंदवणे. २) मेडिकल दुकानाचं बँक स्टेटमेंट जुळवणे. ३) दोन व्यापाऱ्यांना खरेदी बिलांसाठी फोन."

आणि शेवटी असा :

"सर, १ पूर्ण, क्रमांक सलग तपासले, १२७ रद्द केलेलं बिल आहे. २ अर्धं झालं, १४ तारखेची एक नोंद जुळत नाही, स्क्रीनशॉट पाठवलाय. ३ मध्ये एकांनी फोन उचलला नाही, उद्या परत करते."

दुसरा मेसेज नीट वाचा. त्यात "सगळं झालं सर" असं म्हटलेलं नाही. काय झालं, काय राहिलं, कुठे अडलं, तिन्ही आहे. मुलं नेमकी "कुठे अडलं" हेच लपवतात. वाटतं, विचारलं तर सर म्हणतील हिला एवढंही येत नाही. अहो, ऑफिसमध्ये तुमचा पडलेला चेहरा बघून कुणीतरी विचारतं, काय झालं? घरून काम करताना चेहरा दिसत नाही. न विचारलेली शंका तिथेच राहते आणि तिची चूक होते. माझा नियम साधा आहे. स्वतः प्रयत्न करा, शोधा, आणि अर्ध्या तासात सुटलं नाही तर विचारा. विचारताना "मी हे हे करून बघितलं" एवढं मात्र सांगा.

घरच्यांशी करार करा, भांडण नको

हा सगळ्यात नाजूक भाग आहे. आणि मुलींसाठी जास्त अवघड आहे, हेही स्पष्ट बोलू. मुलगा घरी लॅपटॉप घेऊन बसला तर "काम करतोय" म्हणतात. मुलगी बसली तर "घरीच तर आहेस, एवढ्या पोळ्या लाटून घे."

या मुलीने आधी चिडचिड करून बघितली. काही उपयोग झाला नाही. मग एका रात्री जेवताना तिने ८ तारखेचा किस्सा वडिलांना सांगितला. दोष कुणालाच दिला नाही. एवढंच विचारलं, "बाबा, आपल्या दुकानाचं कुणाकडे ३२,००० महिनाभर अडकले असते तर?" किराणा दुकानदाराला हे समजवावं लागत नाही. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "बरं, सांग तुझी वेळ किती ते."

मग करार झाला. दुपारी सव्वाबारा ते साडेचार तिला हाक मारायची नाही. त्या बदल्यात साडेपाच ते साडेसात ती दुकानात बसणार, नक्की. आईला म्हणाली, "आई, सकाळचं माझं काम मी करूनच कॉलेजला जाईन, पण दुपारचं धरू नकोस." वेळा कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवल्या. आई सुरुवातीला हसली, पण आठवड्याभरात शेजारच्या काकूंना तीच सांगायला लागली, "साडेचारनंतर या हो, आत्ता तिचं ऑफिस आहे."

करार म्हटलं की देवाणघेवाण आली. नुसतं "मला त्रास देऊ नका" म्हणाल तर ते कुणी पाळणार नाही. तुम्ही काय देणार तेही सांगा, आणि ते वेळेवर द्या. उद्या भागीदाराशी, पुरवठादाराशी हेच करायचंय.

वीज जाणार आहे, असं धरूनच चला

गावाकडे वीज आणि नेट यांची खात्री नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे "लाइट गेली होती सर" हे कारण एकदा चालतं. दुसऱ्यांदा तुमच्या तयारीचा प्रश्न येतो. लॅपटॉप रोज रात्री पूर्ण चार्ज करून ठेवा. वायफाय असेल तर राउटरला चालणारा छोटा यूपीएस घ्या. मोबाइलच्या हॉटस्पॉटसाठी रोजचा थोडा डेटा राखून ठेवा, रील्समध्ये संपवू नका. उद्याच्या कामाच्या फाइल्स आजच डाउनलोड करून ठेवा, म्हणजे नेट गेलं तरी नोंदी चालू राहतील. कामाच्या फाइल्स कुठे ठेवायच्या, हे ऑफिसला विचारूनच ठरवा. ग्राहकांचे कागद स्वतःच्या खासगी खात्यात परस्पर टाकू नका.

फाइलला नावही नीट द्या. "नवीन", "नवीन२", "फायनल खरं" असली नावं नकोत. व्यापाऱ्याचं नाव, महिना, कशाची फाइल. तीन महिन्यांनी दुसऱ्या कुणी उघडली तरी कळली पाहिजे.

कामाचा रोजमेळ

आपल्याकडे जुने व्यापारी रात्री दुकान बंद करताना रोजमेळ लिहायचे. दिवसभरात आलं किती, गेलं किती, शिल्लक किती. गल्ल्यातली रक्कम आणि वहीतली शिल्लक जुळल्याशिवाय झोपायचं नाही. वेळेचाही तसाच रोजमेळ ठेवा. साधी दोनशे पानी वही, रोज चार ओळी :

१) आज कशाकशात किती वेळ गेला?
२) काय पूर्ण झालं?
३) कुठे अडलं किंवा चुकलं?
४) उद्याचं पहिलं काम कोणतं?

पाच मिनिटं लागतात. फायदे तीन. एक, "८ तारखेला काय केलंस?" याचं उत्तर तुमच्याकडे असतं. दोन, कॉलेजच्या नोंदवहीसाठी वेगळं लिहावं लागत नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आता पदवीत ऑन जॉब ट्रेनिंग किंवा इंटर्नशिपला क्रेडिट मिळतात. अनेक ठिकाणी चार क्रेडिटसाठी १२० तास धरतात, पण तुमच्या कॉलेजचा नेमका नियम आणि फॉर्म काम सुरू करायच्या आधीच विचारून घ्या. या मुलीचे आठवड्याला २४ तास होत होते, म्हणजे १२० तास पाचव्या आठवड्यातच भरले. पण ती थांबली नाही, कारण तिला सर्टिफिकेटपेक्षा धंदा शिकायचा होता.

तिसरा फायदा सगळ्यात मोठा. कोणत्या कामाला किती वेळ लागतो, हे तुम्हाला आकड्यात कळतं. तिच्या वहीतून तिला कळलं, की पन्नास बिलं नोंदवायला तिला सुरुवातीला अडीच तास लागायचे, दुसऱ्या महिन्याच्या शेवटी दीड तास. उद्या स्वतःची सर्व्हिस सुरू केल्यावर महिन्याचे किती पैसे घ्यायचे, हे ती अंदाजाने नाही, हिशेबाने सांगू शकेल. नवीन माणूस दर ठरवताना फसतो तो इथेच. दुसरा ५०० घेतो म्हणून मी ४०० घेतो म्हणतो, आणि आपला वेळ किती जातो हे त्याला माहीतच नसतं.

सगळे दिवस सारखे नसतात

वेळापत्रक बसवलं म्हणजे ते रोज तसंच चालेल असं नाही. प्रत्येक धंद्याचा एक हंगाम असतो. हिशेबाच्या धंद्यात महिन्याच्या ५ ते २० तारखेला गर्दी असते. ११ ला जीएसटीआर-१, २० ला जीएसटीआर-३बी. त्या दिवसांत तिने दुकानातला एक तास कमी केला आणि २१ तारखेनंतर तो भरून दिला. कॉलेजच्या परीक्षेचं वेळापत्रक लागलं त्याच दिवशी सरांना कळवलं, आदल्या दिवशी नाही. तुमची इंटर्नशिप मिठाई पॅकिंगच्या ब्रँडकडे असेल तर दिवाळीआधी गर्दी, शालेय वस्तूंच्या दुकानाकडे असेल तर मे-जूनमध्ये. महिन्याच्या पहिल्या दिवशी कॅलेंडर घ्या आणि गर्दीच्या तारखांना गोल करा.

रविवार मात्र मोकळा ठेवा. फक्त एक तास स्वतःसाठी. त्या तासात तिने "माझा धंदा" नावाची दुसरी वही लिहिली. सर नवीन ग्राहकाशी पहिल्यांदा काय बोलतात? कागद कोणते मागतात? फी उशिरा देणाऱ्याला कसं आठवण करून देतात? कोणतं काम ते स्पष्ट नाकारतात? हे कोणत्याही पुस्तकात मिळत नाही.

आणि इथे एक रेषा आखून घ्या. पद्धत शिका, पण ग्राहकांची यादी, त्यांचे आकडे, त्यांचे पासवर्ड उचलू नका. ज्यांच्या घरचं मीठ खाऊन धंदा शिकलो, त्यांचेच ग्राहक फोडायचे, हे बाजारात लपत नाही. हिशेबाच्या धंद्यात तर विश्वास हाच माल आहे. तो पहिल्याच दिवशी नासला तर पुढे विकणार काय?

इंटर्नशिप घेण्याआधी पाच प्रश्न

१) काम नेमकं काय, आणि मला शिकवणार कोण?
२) रोज किती तास, कोणत्या वेळेत?
३) स्टायपेंड आहे का? नसेल तर तसं स्पष्ट सांगा.
४) शेवटी पत्र किंवा सर्टिफिकेट मिळेल का?
५) हे सगळं मेलवर लिहून द्याल का?

आणि जो तुमच्याकडूनच "रजिस्ट्रेशन फी" किंवा "डिपॉझिट" मागतो, त्याला लांबूनच नमस्कार करा. काम आपण करायचं आणि पैसेही आपणच द्यायचे, असा धंदा कुठे असतो का?

उद्या तुम्ही मालक झाल्यावर

या मुलीची इंटर्नशिप संपली. शेवटच्या महिन्यात सरांनी त्याच पाइपच्या व्यापाऱ्याचं सगळं काम तिच्याकडे सोपवलं. तिने बिलांचे क्रमांक सलग तपासायचा एक छोटा तक्ता बनवला. तो आता त्या ऑफिसमध्ये सगळ्यांसाठी वापरतात. गावात तिचे पहिले दोन ग्राहक ठरलेत. त्यातले एक कोण, ओळखा बघू? तिचे वडील. आणि हो, फी घेऊन!

उद्या तुम्हीही कुणाला तरी घरून कामाला घ्याल. तेव्हा तो किती वेळ ऑनलाइन दिसतो यावर लक्ष ठेवत बसू नका. त्याला काम नीट सांगा, तारीख सांगा, अडलं तर कुणाला विचारायचं ते सांगा, आणि झालेलं काम तपासा. चूक झाली तर त्या सरांसारखं विचारा, दिवसभर काय केलंस ते लिहून पाठव. शिकणारा असेल तर तिथून शिकेल.

आजचा गृहपाठ

आज रात्री झोपण्याआधी एक कागद घ्या. आजचा तुमचा दिवस तासाप्रमाणे लिहा. जे तास आठवत नाहीत, तिथे रिकामी जागा सोडा. खोटं लिहू नका, कुणी बघणार नाहीये. मग रिकाम्या जागा मोजा. उद्या त्यातली फक्त एक भरायची. परवा दुसरी.

इंटर्नशिप अजून मिळाली नसेल तरी हे आजच सुरू करा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत शिकत राहा, हिशेब ठेवत राहा.